पारायणाचा चौथा दिवस आणि कृष्णेचं पाणी

हे प्रकरण ऑगस्ट २०१९ च्या महापुरातलं, शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातलं. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, घरातल्या माणसांचे काही तपशील बदलले आहेत. पुराच्या तारखा, पाण्याच्या पातळ्या आणि पोथीचे अध्याय मात्र आहेत तसेच ठेवलेत, कारण सगळा पेच त्यांच्याच भोवती फिरतो.

## पार्श्वभूमी

घरात सहा माणसं. आजोबा पंचाहत्तरीला टेकलेले, गळ्यात माळ, गेली कित्येक वर्षं पौर्णिमेला नृसिंहवाडीच्या दत्ताची वारी. आजींना मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. थोरला मुलगा शेती आणि दूध संस्थेचं काम बघतो. सून, दहावीतली नात, चौथीतला नातू. दावणीला दोन म्हशी, एक गाय, एक रेडी. दोन एकर ऊस. घराचा पुढचा भाग दगडी जोत्यावरचा जुना, मातीच्या भिंतींचा. मागं दोन खोल्या आणि गच्ची, ती सिमेंटची.

श्रावण लागला की आजोबा गुरुचरित्राचा सप्ताह करतात. शनिवारी बसायचं, शुक्रवारी उठायचं. त्या वर्षी ३ ऑगस्टला शनिवार आला. सात दिवसांची वाटणी पोथीतच सांगितलेली आहे: पहिल्या दिवशी ९ अध्याय, मग २१ पर्यंत, २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी ५३. आसन एकच, वेळ एकच, एकवेळ हविष्यान्न, जमिनीवर झोपणं, आणि सप्ताह पुरा होईपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. पहिल्या दिवशी हातात पाणी घेऊन संकल्प सोडला की या नियमांनी माणूस बांधला जातो.

या भागात पाण्याची बातमी दोन ठिकाणांहून येते. कोल्हापूरचा राजाराम बंधारा, तिथं ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. सांगलीचा आयर्विन पूल, तिथं ४० आणि ४५. पंचगंगा फुगली की एकीकडून, कोयना-वारणेचा विसर्ग वाढला की दुसरीकडून. कृष्णा-पंचगंगा संगमाच्या खालच्या गावांना दोन्ही पाणी मिळतं, शिवाय पुढं पाणी तुंबलं की उतरायलाही वेळ लागतो. त्यामुळं वरचा आकडा बघून इथला अंदाज बांधणं कठीण. गावात म्हणून एकच माप चालायचं: "पाच सालचं पाणी". २००५ ला पाणी जोत्याच्या दुसऱ्या पायरीला लागून परतलं होतं. पायरीवर तशी खूणही होती.

## अडचण

रविवारी, ४ तारखेला, पाणी गावंदरीला आलं. मुलाचं म्हणणं, निघू या. आजोबांचं म्हणणं, शुक्रवारपर्यंत नाही.

त्यांच्या नकारात तीन गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या होत्या. घरच्यांना सुरुवातीला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत, तिथंच वेळ गेला. पहिली, पायरीवरची खूण. ही सरळ अनुभवाची गोष्ट होती, हिच्यात देवाचा काही संबंध नव्हता. दुसरी, संकल्प. सोडलेला संकल्प मोडला तर घरावर काही येईल, ही भीती. आणि तिसरी, जी खरोखर श्रद्धेची होती: रविवारच्या वाचनातच चौदावा अध्याय येतो. सायंदेवाला जिवावर उठलेल्या सत्ताधीशापुढं जायचं असतं आणि गुरू त्याला अभय देतात. संकटात हा अध्याय वाचायचा हा सगळ्या दत्तभक्तांचा परिपाठ. आजोबांना तो नेमका त्या दिवशी आला आणि त्यांनी तो कौल मानला.

मुलगा संतापून म्हणाला, "अण्णा, पोथी मोठी का पोरं मोठी?" या प्रश्नाला धार्मिक माणसाकडं उत्तर नसतं. कुठलंही उत्तर दिलं तरी त्यानं कुणाचा तरी द्रोह होतो. आजोबा गप्प झाले आणि सोवळं नेसून देवघरात जाऊन बसले. बोलणं तिथंच तुटलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

गावात अशी आणखी घरं होती. कुणी म्हसरं सोडवत नव्हती म्हणून अडलेलं, कुणी चोरीच्या भीतीनं. पूर आला की "देवावर हवाला" हे वाक्य फार वेळा ऐकू येतं, पण त्याच्या आत दर वेळी वेगळीच गोष्ट असते. ती कुठली आहे हे कळल्याशिवाय समजूत घालायला जाऊ नये.

## समोरचे पर्याय

सोमवारी ५ ऑगस्टला नागपंचमी आणि पहिला श्रावणी सोमवार एकत्र. पाणी पहिल्या पायरीला. तोवर चार वाटा बोलण्यात आल्या होत्या.

सगळ्यांनी गच्चीवर जायचं आणि शुक्रवारपर्यंत तिथं काढायचं. आजोबांचा कल इकडं. पण गच्चीवर प्यायचं पाणी किती, वीज गेल्यावर मोबाइल किती वेळ, आजींचं इन्सुलिन कुठं ठेवणार, याचा हिशेब कुणी केला नव्हता. पुढच्या मातीच्या भिंती भिजून बसल्या तर मागच्या खोल्यांवर काय भार येईल, हेही कुणाला सांगता येईना.

बायका-पोरं आणि जनावरं पुढं पाठवायची, बाप-लेकानं थांबायचं. हा पर्याय पूरभागात सगळ्यात जास्त निवडला जातो आणि सगळ्यात जास्त फसतो. मागं राहिलेल्या दोघांसाठी नंतर बोट पाठवावी लागते, तीही पाणी सगळ्यात जास्त ओढ घेत असताना.

तिसरी वाट, पारायण सोडून निघायचं. मुलगा हे म्हणत होता.

चौथी वाट सुनेनं काढली. तिनं निघा की थांबा यातलं काहीच विचारलं नाही. देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहून ती म्हणाली, "मामा, जोत्यावर पाणी आलं तर पोथी कुठं ठेवायची? माळ्यावर का बरोबर घ्यायची?"

हे प्रकरण वळलं ते इथं. हा प्रश्न श्रद्धेला आव्हान देत नव्हता. श्रद्धेनं आता पुढचं काम काय करायचं ते विचारत होता. पोथी भिजू द्यायची नाही यावर घरात दुमत असणंच शक्य नव्हतं. आजोबा म्हणाले, "माळ्यावर भिंतीचा काय भरोसा?" भिंतीचा भरोसा नाही, हे त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले.

## काय केलं

सोमवारी दुपारी आजोबांनी स्वतःच नृसिंहवाडीच्या ओळखीच्या पुजाऱ्यांना फोन लावला. विचारायचं होतं संकल्पाबद्दल. उत्तरात आधी बातमी मिळाली. वाडीला पादुकांचं मंदिर नदीच्या काठालाच. पाणी गाभाऱ्यात उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक स्नानाला गर्दी करतात. पाणी त्याहून चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, तिथंही पाणी पोचायला लागलं तर आणखी वर टेंबेस्वामींच्या मठात. त्रिकाळ पूजा चुकत नाही, ती तिथं होते. दर पावसाळ्यातली ही रीत आजोबांना पाठ होती, अनेकदा डोळ्यांनी पाहिलेली. ती आपल्या घरालाही लागू पडते, हे त्यांना कुणीतरी म्हणायला हवं होतं इतकंच.

पुजाऱ्यांनी संकल्पाचंही सांगितलं. मध्येच सोयर-सुतक आलं तर दुसऱ्याकडून वाचन पुरं करून घेतात, म्हणजे खंड पडला तरी वाट आहे. आणि जीव धोक्यात असताना आसनाचा नियम धरून बसायचं नसतं. त्यांनी आणखी एक आठवण करून दिली: रविवारच्याच वाचनात एकोणिसावा अध्याय आहे, त्यात नृसिंह सरस्वती स्वामी बारा वर्षांची वाडी सोडून गाणगापूरला निघतात, पादुका मागं ठेवून. आणि सायंदेव? तो अभय मिळाल्यावर घरात बसून राहिला नाही, उठून गेला.

यावर असं वाटेल की लगेच सगळं ठरलं. तसं झालं नाही. आजोबा निघायला तयार झाले, पण मंगळवारचं वाचन करूनच. अध्याय ३० ते ३५, त्यांच्या वेगानं तीन तास. मुलानं ते मान्य केलं.

जनावरं सोमवारी संध्याकाळीच ट्रॉलीतून उंचावरच्या नातेवाइकांच्या मळ्यात गेली, बरोबर चार दिवसांची वैरण आणि पेंड. हे सगळ्यात चांगलं झालेलं काम. दावणीची जनावरं सुटली की शेतकऱ्याचा पाय घरातून निघायला निम्मा मोकळा होतो. बचावाला येणाऱ्यांनी आधी माणसं मागितली तर माणसं येत नाहीत.

मंगळवारी ६ तारखेला सकाळी साडेसातला रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं, ट्रॅक्टर आरामात गेला असता. वाचन साडेदहाला संपलं, आरती, नैवेद्य, आवराआवर यात बारा वाजले. तोवर ओढ्यावरचा रस्ता कमरेइतका बुडाला होता आणि पाण्याला ओढ होती. ट्रॅक्टर परत फिरवला. तीन वाजता बचाव पथकाची रबरी बोट आली. लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरली नाहीत. पथकानं दोन खेपा केल्या, पहिल्या खेपेला आजी, सून आणि पोरं. शेजारच्या दोघांनी "एकाच खेपेत बसतो की" म्हणून हट्ट धरला, तो पथकानं मानला नाही. दोन दिवसांनी, ८ तारखेला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि अनेक जीव गेले. त्यानंतर अशा हट्टाला कुणी हसण्यावारी नेलं नाही.

पोथी तांबड्या वस्त्रात, वरून खताच्या पिशवीतलं आतलं प्लॅस्टिक दोनदा गुंडाळून, तोंड सुतळीनं आवळून, स्टीलच्या डब्यात. डब्याला आजोबांनी उपरण्यानं छातीशी बांधलं होतं. थेंब लागला नाही. इन्सुलिनच्या दोन्ही बाटल्या मात्र फ्रिजच्या दारात राहिल्या.

## छावणीतले दिवस

उंचावरच्या शाळेत तीनशेच्या आसपास माणसं, नळ दोन. पाचव्या दिवसाचं वाचन, अध्याय ३६ ते ३८, याच शाळेतल्या एका वर्गात बाकं सरकवून झालं. छत्तिसाव्या अध्यायात शौच, स्नान, संध्या असा सगळा आचारधर्म ओळीनं सांगितलेला आहे. आणि बाहेर आंघोळीला बादलीची रांग. आजोबांनी पाय धुऊन, आचमन करून वाचलं. सोवळ्याचा नियम सुटला, वेळेचा आणि एकवेळ जेवणाचा त्यांनी पाळला. अडतिसाव्यात भास्कर ब्राह्मणाचा तिघांपुरता शिधा हजारोंना पुरतो. तो चालू असताना खोलीतल्या आठ-दहा बायका येऊन बसल्या होत्या, कारण बाहेर खिचडी संपत आल्याची ओरड होती.

गावच्या भजनी मंडळातले सहा जण त्याच छावणीत होते. विणा गावात राहिला, टाळ दोन जोड्या निघाल्या. संध्याकाळी सातला हरिपाठ सुरू झाला, अर्धा-पाऊण तास. पहिल्या दिवशी कुणीतरी शाळेचा स्पीकर लावला. शेजारच्या व्हरांड्यात मुस्लिम कुटुंबं होती, त्यांची मगरिबची नमाज साधारण त्याच वेळेला. पलीकडं तान्ही बाळं. दुसऱ्या दिवसापासून स्पीकर बंद आणि हरिपाठ साडेसातला. जैन कुटुंबंही बरीच होती, या तालुक्यात असतातच. त्यांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं आणि छावणीचं जेवण आठला येत होतं. दोन दिवस ती माणसं बिस्किटांवर राहिली. कुणी बोललं नाही, कुणी विचारलंही नाही. शेवटी सुनेच्या लक्षात आलं आणि पहिला घाणा साडेपाचला उतरायला लागला.

हरिपाठाला एक जोड मिळाली ती फार कामाची ठरली. "कोयना फुटली" अशी अफवा मोबाइलवर फिरत होती, रात्री दहाला बायका पोरं उचलून पळायला निघाल्या होत्या. मग एका शिक्षकानं रोज हरिपाठ संपल्या संपल्या, लोक बसलेलेच असताना, त्या दिवसाच्या अधिकृत पातळ्या आणि विसर्ग वाचून दाखवायला सुरुवात केली. ज्या जागी मन थोडं शांत झालेलं असतं, तिथंच आकडा ऐकला की तो पटतो.

गुरुवारी ८ तारखेला घराच्या पुढच्या भिंती बसल्याचा निरोप आला. आजोबांनी त्या दिवशी पोथी उघडली नाही. "संकल्प मोडला म्हणून झालं," इतकंच बोलले. मदत घेऊन आलेल्या एकानं त्यांना "देव परीक्षा बघतोय, बाबा" असं सांगितलं; दुसऱ्या एकानं श्रावण न पाळणाऱ्यांमुळं पूर आल्याचं शास्त्र सांगितलं. छावणीत सर्वांत जास्त अपाय अशा वाक्यांनी होतो. ज्याचं घर पडलंय त्याला ती ऐकू येतात ती अशी: तुझ्यामुळं पडलं.

भजनी मंडळातले एक म्हातारे त्यांच्या शेजारी जाऊन बसले. उपदेश केला नाही. आजोबा दत्ताला वाटेल तसं बोलत होते, त्यांनी बोलू दिलं. देवाशी भांडणं ही आपल्याकडच्या भक्तीत काही वावगी गोष्ट नाही. नामदेव, जनाबाईंनी विठोबाला काय कमी सुनावलंय? दुपारी त्यांनी फक्त विचारलं, "उद्या किती अध्याय राहिलेत?" शुक्रवारी सहाव्या दिवसाचे अध्याय झाले, शनिवारी सातव्या. सप्ताह आठ दिवसांचा झाला.

## निष्पत्ती

सहाही माणसं सुखरूप. इन्सुलिनला दीड दिवस उशीर झाला, आजींची साखर चढली, छावणीतल्या आरोग्य पथकानं सावरलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांपलीकडं गेलं, २००५ पेक्षा पाच फुटांहून जास्त. आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर. घरात छातीएवढं पाणी होतं. पुढचा भाग गेला, मागच्या खोल्या आणि गच्ची टिकली. म्हणजे गच्चीवर थांबले असते तर कदाचित जगलेही असते, हे मान्य करायला हवं. चार दिवस पाण्याविना, इन्सुलिनविना, भिंती कोसळताना ऐकत. उसाचा शेंडा आठवडाभर पाण्याखाली राहिला, दोन्ही एकर कुजले. रेडी नंतर आजारानं गेली. ग्रामीण कुटुंबाला जाहीर झालेलं दहा हजारांचं सानुग्रह अनुदान गाळ काढण्यात आणि गाद्या घेण्यात संपलं.

उद्यापनाचं जेवण आजोबांनी छावणीतच घातलं: शनिवारी संध्याकाळच्या आमटीला लागणारी डाळ नातेवाइकांकडून मागवून.

## वेगळं काय करता आलं असतं

मंगळवारची साडेसात ते बारा ही वेळ. सोमवारी रात्री निघायचं मनानं ठरलेलं असताना वाचनासाठी थांबणं ही सवलत मुलानं भांडण टाळायला दिली. ती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत बोटीच्या दोन खेपा होती. तोडगा होता: पहाटे चारला बसून सहापर्यंत जितकं होईल तितकं वाचायचं, उरलेलं पोचल्यावर. पोथी हलवायला तयार झालेला माणूस वेळ हलवायलाही तयार झाला असता. कुणी विचारलं नाही.

पिशव्यांची वाटणी झाली नव्हती. ज्या वस्तूचा एक मालक होता ती, म्हणजे पोथी, कोरडी पोचली; जी सगळ्यांची होती ती फ्रिजमध्ये राहिली. औषधं, कागदपत्रं (सातबारा, बँक पासबुक, आधार, रेशन कार्ड), चार्जर आणि रोख, प्रत्येकाला एकेक नाव लावायला पाच मिनिटं पुरतात.

पुजाऱ्यांना फोन रविवारीच व्हायला हवा होता. ज्याच्या शब्दाला घरातल्या वडीलधाऱ्याच्या लेखी वजन आहे, असा माणूस पाणी यायच्या आधीच माहीत हवा: पुजारी, फडकरी, मौलाना, मुनी, कुणीही. तलाठ्याच्या दवंडीनं ते काम होत नाही.

पायरीवरच्या खुणेवर विश्वास ठेवणं ही श्रद्धा नव्हतीच, तरी ती श्रद्धेच्या आडोशाला जाऊन बसली होती. ती आधी वेगळी काढून फक्त तिच्याबद्दल बोलता आलं असतं. "देव तारील का" यावर वाद घालण्यापेक्षा "पाणी पाच सालाएवढंच थांबेल कशावरून" हे विचारणं सोपं.

जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला, तोही गुरुपौर्णिमेच्या तोंडावर. या घरानं दोन दिवस आधी गाव सोडलं. आजोबा आता संकल्प सोडताना "असेन तिथं" हे दोन शब्द जोडतात. आधी जनावरं, मग आजींची थंड पिशवी, मग कागदांचा डबा, मग पोथी, असा क्रम नातीनं दाराच्या आत चिकटवून ठेवलाय. त्याच गल्लीतलं दुसरं एक घर मात्र शेवटपर्यंत निघालं नाही. त्यांच्या भिंतीवर आता एकोणीस सालच्या पाण्याची रेघ आहे, आणि पाणी त्या रेघेच्या वर जात नाही असं ते सांगतात.